एक व्हेरायटी, भरपूर व्हेरायटी

इंग्रजीत संशोधननिबंध लिहिणाऱ्या मराठी माणसाला फसवणाऱ्या शब्दांची यादी केली, तर तिच्यात ‘व्हेरायटी’चा नंबर बराच वर लागेल. दिसायला हा शब्द अगदी घरचा. साडीच्या दुकानापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत आपण तो इतका वापरतो, की त्याच्याकडून दगाफटका होईल अशी शंकाही येत नाही. पण पुणे–लोणावळा लोकलनं देहूरोड आणि बेगडेवाडी मागे टाकून घोरावाडीला यावं, आणि पावसाळ्यात खिडकीबाहेर पाहावं. इथून पुढची तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली ही स्टेशनं भातखाचरांच्या मुलुखातली. या मुलुखात व्हेरायटी म्हणजे पुष्कळपणा नव्हे. व्हेरायटी म्हणजे इंद्रायणी, आणि ती एकच. आंबेमोहर १५७ हा मोहराच्या वासाचा आपला भात आणि १९६६ साली फिलिपिन्समधून जगभर गेलेला आयआर-८ हा बुटका पण भरघोस भात, यांच्या संकरातून मावळातल्या भात संशोधन केंद्रानं तो वाण काढला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती दिला. ‘इंद्रायणी इज अ व्हेरायटी ऑफ राइस’ हे वाक्य म्हणून शंभर टक्के बरोबर आहे. आता ‘मावळातले शेतकरी अ व्हेरायटी ऑफ राइस पिकवतात’ हे वाक्य घ्या. शेतकरी एकच वाण लावतात, की नाना वाण लावतात? वाक्य दोन्हींना मान डोलावतं. ‘राइस’चं ‘राइसेस’ केलं तर पुष्कळ वाण, नाही केलं तर बहुधा एक. अख्ख्या तालुक्याची पीकपद्धती एका ‘स’वर टांगलेली, आणि तो ‘स’ टंकलेखनात गळाला तर कळायलाही मार्ग नाही.

व्याकरणाची पुस्तकं यावर तोडगा देतात: अनेकवचनी नामाबरोबर ‘अ व्हेरायटी ऑफ’ आलं तर क्रियापदही अनेकवचनी करा, ‘द व्हेरायटी ऑफ’ आलं तर एकवचनी. म्हणजे ‘अ व्हेरायटी ऑफ मेथड्स वेअर’, पण ‘द व्हेरायटी ऑफ मेथड्स वॉज’. नियम चांगला आहे, पाठही होतो. पण तो पाठ असलेला माणूससुद्धा नेमका तिथेच फसतो जिथे फसायला नको, कारण अडचण क्रियापदाची नाहीच. ‘अ व्हेरायटी ऑफ मेथड्स’ म्हणजे किती पद्धती? दोन? सात? व्याकरण इथे हात वर करतं. त्याचं काम क्रियापद जुळवण्यापुरतं. पद्धती मोजायचं काम लिहिणाऱ्याचं होतं, आणि ते टाळण्यासाठीच बहुतेक वेळा हा शब्दप्रयोग हाताशी घेतलेला असतो.

शेतीशास्त्रात तर या शब्दाची आणखी एक गंमत आहे, आणि ती कायद्यानं केलेली आहे. वनस्पतींच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा आपला कायदा २००१ सालचा. त्यानुसार नव्या वाणाची नोंदणी व्हायची तर तो इतरांहून वेगळा ओळखू यावा लागतो, त्याची रोपं आपापसांत एकसारखी असावी लागतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो तसाच राहावा लागतो. यातल्या दुसऱ्या अटीवर क्षणभर थांबा. व्हेरायटी म्हणून मान्यता मिळवायची तर शेतात व्हेरायटी दिसता कामा नये. एक रोप गुडघ्याएवढं आणि शेजारचं कमरेएवढं निघालं, की अर्ज परत. दुकानातली व्हेरायटी आणि कायद्यातली व्हेरायटी यांचं असं छत्तीसाचं नातं आहे, आणि निबंध लिहिणारा दोघींना एकाच परिच्छेदात शेजारी बसवतो: ‘वुई स्टडीड अ व्हेरायटी ऑफ रेस्पॉन्सेस इन अ व्हेरायटी ऑफ राइस.’ वनस्पतिशास्त्रज्ञांच्या घरी याच शब्दाला तिसरा अर्थ आहे, प्रजातीच्या खालच्या एका पायरीचा. लिबर्टी हाइड बेली या अमेरिकन उद्यानविद्यातज्ज्ञानं १९२३ साली ‘कल्टिव्हार’ असा स्वतंत्र शब्दच तयार केला, माणसानं लागवडीत सांभाळलेल्या वाणांसाठी. मराठी शेतकरी या बाबतीत मोकळा आहे. तो सरळ ‘यंदा कुठली जात लावली?’ असं विचारतो, आणि या देशात जात विचारल्यावर कुणाचाही अपमान न होण्याचा हा विरळा प्रसंग असावा.

व्हेरायटी एवढी धोक्याची, तर दुसरा शब्द घ्यावा असं कुणालाही वाटेल. कोशात पर्यायांची रांग आहे: रेंज, डायव्हर्स, डिफरंट, व्हेरियस, स्पेक्ट्रम, अ‍ॅरे. अडचण एवढीच, की यांतल्या बऱ्याच शब्दांवर कुठल्या ना कुठल्या शास्त्रानं आधीच सातबारा चढवून घेतला आहे. ‘रेंज’ घ्या. संख्याशास्त्रात रेंज म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान आकडा वजा केल्यावर उरतं ते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, रुळांवरून चौसष्ट किलोमीटरवर असलेल्या पुण्यात सातशेच्या आसपास. घोरावाडी या उतरणीवर मध्ये कुठेतरी. याला ‘अ वाइड रेंज ऑफ रेनफॉल’ म्हणणं चूक नाही, पण ही दोन टोकं लिहिली की ‘वाइड’ आपोआप कळतं, आणि ती न लिहिता नुसतं ‘वाइड’ लिहिलं तर राजस्थानातल्या वाचकाला एक पाऊस दिसतो, चेरापुंजीच्या वाचकाला दुसरा. रेंजचं धाकटं भावंड ‘रेंजिंग फ्रॉम – टु’ तर त्याहून खोडकर. त्याला एक पट्टी लागते, अलीकडचं टोक आणि पलीकडचं टोक असलेली. ‘रेंजिंग फ्रॉम घोरावाडी टु लोणावळा’ यात मधली स्टेशनं ओळीनं सांगता येतात. ‘रेंजिंग फ्रॉम आंबेमोहर टु इंद्रायणी’ यात मध्ये काय आहे? आई आणि लेक यांच्यामध्ये कुठलं स्टेशन लागतं? तरीही अशी वाक्यं रोज छापली जातात. ‘फंगस, मातीचा सामू आणि शेतकऱ्यांचं शिक्षण यांपर्यंत रेंज होणारे घटक’ हेही वाचायला मिळतं, आणि बुरशी व साक्षरता यांना जोडणारी ती रेषा कोणत्या ग्राफवर काढायची, हे वाचकानं आपलं आपण ठरवायचं असतं.

‘डायव्हर्स’ची गोष्ट अधिक गंभीर, कारण विविधता मोजायची सूत्रंच आहेत. क्लॉड शॅननचा निर्देशांक १९४८ सालच्या संदेशवहनाच्या सिद्धांतातून आला, एडवर्ड सिम्प्सनचा १९४९ साली. दोघांचाही मुद्दा असा, की किती प्रकार आहेत एवढंच पुरेसं नाही. ते कोणत्या प्रमाणात आहेत हेही पाहावं लागतं. दोन गावं कल्पून पाहा. दोन्हींत भाताचे पाच-पाच वाण. पहिल्या गावात शंभर एकरांपैकी शहाण्णव एकर इंद्रायणी आणि बाकीच्या चार वाणांना हौस म्हणून एकेक एकर. दुसऱ्या गावात पाचांनाही वीस-वीस एकर. सिम्प्सनच्या हिशेबानं, म्हणजे प्रत्येक वाट्याचा वर्ग करून बेरीज घ्यायची आणि एकाला तिनं भागायचं, दुसऱ्या गावाचा आकडा येतो पाच. पहिल्या गावाचा येतो साधारण १.०८. म्हणजे पहिल्या गावात कागदावर वाण पाच असले, तरी व्यवहारात जेमतेम एक. हे गणित पाटीवर अडीच मिनिटांत होतं. पण निबंधात दोन्ही गावांबद्दल ‘फार्मर्स कल्टिव्हेट डायव्हर्स राइस व्हेरायटीज’ असं एकच वाक्य येतं, आणि उद्या करपा रोग आला तर कोणत्या गावाची झोप उडेल ही मुद्द्याची गोष्ट त्या ‘डायव्हर्स’च्या मखमली पडद्याआड राहते.

राहिले ‘डिफरंट’ आणि ‘व्हेरियस’. ‘तीन डिफरंट गावांतून नमुने घेतले’ असं लिहिताना ‘डिफरंट’ काय काम करतो? एकच गाव तीनदा मोजलं नाही, एवढीच ग्वाही. ‘डिफरंट’ला कशापासून वेगळं हे सांगावं लागतं, ते नसेल तर तो नुसता वाक्यात उभा असतो, लग्नातल्या दूरच्या नातेवाइकासारखा, कुणाचा कोण हे न कळता जेवून जातो. ‘व्हेरियस’ त्याहून निरुपद्रवी आणि त्याहून निरुपयोगी. हे दोघे मराठी माणसाच्या इंग्रजीत जरा जास्तच येतात, याचं कारण आपल्याला जोडशब्दांची गोडी आहे. ‘वेगवेगळ्या’, ‘निरनिराळ्या’, ‘तऱ्हेतऱ्हेच्या’ हे मराठीत इतके सहज येतात की आपण ते मोजमाप म्हणून नव्हे तर ताल म्हणून वापरतो. त्यात वाईट काही नाही. पण हाच ताल इंग्रजीत उतरला, की ‘व्हेरियस डिफरंट टाइप्स ऑफ डायव्हर्स व्हेरायटीज’ अशी सहा शब्दांची वरात निघते, आणि घोड्यावर नवरदेव म्हणजे आकडा नसतोच.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की शास्त्रीय लेखनात विविधता सांगणारा बरोबर इंग्रजी शब्दप्रयोग कोणता या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इंग्रजीत नसून वहीत असतं. मोजलं असेल तर आकडा लिहावा, नावं ठाऊक असतील तर नावं. तसं केलं की ‘व्हेरायटी’ आणि ‘डायव्हर्स’ यांच्यातली निवड करायची वेळच येत नाही. लोणावळ्याच्या बाजारातला चिक्कीवाला हे न शिकता करतो. शेंगदाणा, तीळ, काजू, खोबरं, राजगिरा, प्रत्येकापुढे भाव. ‘येथे विविध प्रकारच्या वैविध्यपूर्ण चिक्क्या मिळतील’ असं त्यानं लिहिलं, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल.

आणि हे शहाणपण या भागात आजचं नाही. घोरावाडी स्टेशनाजवळच्या डोंगरात घोरावडेश्वराची, म्हणजे शेलारवाडीची, बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका प्राकृत शिलालेखात दान देणारी बाई आपली ओळख देते: धेनुकाकट गावात राहणाऱ्या, नांगर धरणाऱ्या उसभणक नावाच्या कुटुंबप्रमुखाची पत्नी सियागुतणिका, बरोबर मुलगा नंद. नाव, नातं, धंदा, गाव आणि काय दिलं, सगळं एका ओळीत. त्याच रस्त्यानं पुढे कार्ल्याला गेलं, तर चैत्यगृहातल्या दानलेखांचीही हीच शिस्त. धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले, ते नावानिशी. गंधाचा व्यापार करणाऱ्या सिंहदत्तानं दार दिलं, आणि ते दार घडवलं वेणुवासाचा मुलगा सामी या सुतारानं. दोघांची नोंद वेगळी. हे काम सध्याच्या निबंधलेखकाकडे दिलं असतं, तर ‘समाजाच्या विविध स्तरांतील विविध दात्यांनी विविध प्रकारे साहाय्य केलं’ असं एकच वाक्य कोरून तो मोकळा झाला असता, छिन्नीचे कष्टही वाचले असते. दगडावर अक्षर खोदायला श्रम लागतात, म्हणून जिथे शब्द महाग होता तिथे नेमकेपणा होता. संगणकावर शब्द फुकट झाला, त्यात आता भाषा सुधारून देणारी यंत्रं आली. ती तर ‘फाइव्ह’ दिसलं की ते पुसून तिथे ‘अ डायव्हर्स अ‍ॅरे ऑफ’ बसवतात आणि वर विचारतात, आवडलं का?

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वाभिमानाचा. इंग्रजी आपली मातृभाषा नाही. आशय पोचला ना, मग अशा बारीकसारीक गोष्टींवरून गावाकडच्या संशोधकाला का छळता? आक्षेप प्रामाणिक आहे, पण नेम चुकला आहे. इंद्रायणी आणि आंबेमोहर यांची नावं लिहायला इंग्रजी चांगलं यावं लागत नाही. पाचचा आकडा तर इंग्रजीच्या पहिल्या धड्यात येतो. ज्याचं इंग्रजी कच्चं, त्याला आकडे आणि नावं हाच खरा आधार. ‘डायव्हर्स’, ‘मायरिअड’, ‘प्लेथोरा’ ही ज्यांचं इंग्रजी पक्कं आहे त्यांची चैन, आणि परदेशी निबंधांच्या शेजारी बसून ती आपल्याला जडली: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांचं, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांचं, उदाहरण इथे लागू पडतं. त्याच साली त्यांनी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केलं. योगाचे ‘नानाविध फायदे’ सांगायला तेव्हाही कुणी कमी नव्हतं. कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी शरीराच्या आतला दाब कसा बदलतो ते उपकरणानं मोजलं, क्ष-किरणांनी पाहिलं, आणि ते छापलं.

दुसरा आक्षेप शैलीचा. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तर वाचताना कंटाळा येतो, म्हणून एकदा व्हेरायटी, एकदा कल्टिव्हार, एकदा स्ट्रेन, एकदा टाइप असं फिरवून लिहावं, असं आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं. हेन्री फाउलरनं १९०६ सालीच या खोडीला नाव ठेवलं होतं, ‘एलिगंट व्हेरिएशन’, आणि ते नाव कौतुकाचं नव्हतं. ललित लेखनात ही खोड फार तर कानाला खटकते. शास्त्रीय लेखनात ती वस्तू वाढवते. पहिल्या ओळीत व्हेरायटी, तिसरीत कल्टिव्हार, पाचवीत स्ट्रेन असं आलं की जपानमधला वाचक तीन गोष्टी शोधू लागतो. इंद्रायणी बिचारी एकटी; तिची तीन सोंगं झाली ती लेखकाला कंटाळा येतो म्हणून.

तिसरा आक्षेप वजनदार, कारण तो डार्विनला घेऊन येतो. १८५९ सालच्या ‘ओरिजिन’मध्ये त्यानं कबूल केलं आहे की प्रजाती आणि व्हेरायटी यांच्यातली रेघ सोयीसाठी ओढलेली असते, एकच व्याख्या सर्वांना पटत नाही. मग ज्या शब्दाची हद्द डार्विनला सापडली नाही, तो आम्ही ढिलेपणानं वापरला तर बिघडलं कुठे? बिघडलं ते असं, की डार्विन तेवढं म्हणून थांबला नाही. पहिल्याच प्रकरणात तो कबूतरांवर आला: मान फुगवणारं, कोलांट्या मारणारं, पिसाऱ्याचं लक्का, एकेकाची चोच, कवटी, शेपटीची पिसं. शब्द सैल आहे हे ज्याला कळलं, त्यानं वस्तू घट्ट धरली.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र आकड्यांवरच आहे, आणि त्याच्यापुढे मला थोडं मागे सरावं लागतं. आकडाही खोटं बोलू शकतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संस्थेच्या बियाणे पेढीत भाताचे एक लाखाहून अधिक नमुने आहेत. नमुने, वाण नव्हेत. एकाच नावाचा भात दोन गावांतून आला तर दोन क्रमांक पडतात. उलट ‘आंबेमोहर’ या एका नावाखाली दोन खोऱ्यांत दोन निराळे भात असू शकतात, आणि बाजारात तर वासही नसलेला तांदूळ त्या नावानं विकला जातो. तेव्हा एखाद्यानं मावळात फिरून ‘त्रेचाळीस व्हेरायटीज आढळल्या’ असं ठणकावून लिहिलं, तर ते ‘अ व्हेरायटी ऑफ’पेक्षा अधिक शास्त्रीय दिसेल, पण असेलच असं नाही. त्रेचाळीस शेतकऱ्यांनी सांगितलेली नावं, त्रेचाळीस पिशव्या, आणि तपासून वेगळे ठरलेले त्रेचाळीस वाण, या तीन निराळ्या गोष्टी. म्हणून आकड्याबरोबर तो कशाचा हेही लिहायला हवं, आणि जिथे मोजलंच नाही तिथे ‘मोजलं नाही’ असं लिहायला हवं. हे लिहिणं जड जातं, हे मान्य. ‘नॉट काउंटेड’पेक्षा ‘डायव्हर्स’ कितीतरी देखणा दिसतो, आणि परीक्षकही सहसा त्याच्या अंगाला हात लावत नाहीत.

जागा नाही, ही तक्रार त्या मानानं किरकोळ. सारांशात अडीचशे शब्दांची मर्यादा असते, त्रेचाळीस नावं कुठे बसवायची? न बसवावीत. आकडा, दोन ठळक नावं, आणि बाकीची तक्त्यात. शब्द मोजून पाहा: ‘अ वाइड व्हेरायटी ऑफ डिफरंट’ला पाच लागतात, ‘फॉर्टी-थ्री’ला एक.

तरीही लेखकाला एखादं भरजरी वाक्य हवंच असेल, तर त्याची सोय कार्ल्यात आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं तिथे स्वतःच्या खर्चाबद्दल कोरून ठेवलं आहे, की हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. बाकीचं जंबुद्वीप त्यानं कधी फिरून पाहिलं, तुलनेला किती लेणी घेतली, काही उल्लेख नाही. पण त्याच लेण्यात खांब कुणाचा, दार कुणाचं, हे नावागावासह नोंदलेलं असल्यामुळे शेटजींची ती एक बढाई खपून जाते. त्याच न्यायानं निबंधाच्या पहिल्या ओळीतली ‘रिच डायव्हर्सिटी’ चालवून घेता येईल, खाली तक्ता क्रमांक एक असेल तर. तो असल्याची खात्री मात्र करून घ्यावी. कितीतरी निबंधांत ‘तक्ता १ पाहा’ असं लिहिलेलं असतं, आणि तक्ते दोनपासून सुरू होतात.